नऊ वर्षांचा वाचक आणि चौथा भाग : सेलूच्या वाचनालयातील एक प्रकरण

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे ज्या सार्वजनिक वाचनालयाचा बालविभाग मी सांभाळते, तेथे चौथीत शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलाने संक्रांतीनंतर हॅरी पॉटर मालिकेचा चौथा भाग मागितला. आधीचे तिन्ही भाग त्याने दिवाळीच्या सुट्टीपासून मराठी अनुवादात सलग वाचून परत केले होते. चौथा भाग मात्र आमच्याकडे वरच्या कप्प्यात, ‘आठवीच्या पुढे’ अशी चिठ्ठी लावलेल्या पुस्तकांत ठेवलेला होता आणि मुलाच्या घरातही त्यावरून एकमत नव्हते. काय ठरले, कोणत्या विचाराने ठरले आणि प्रत्यक्षात काय घडले, याची ही नोंद आहे. कुटुंबाच्या संमतीने ती लिहीत असून ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

मुलाची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वडिलांचे मोंढ्यात आडतीचे दुकान आहे, थोरली बहीण आठवीत आहे आणि तिने सातही भाग वाचून संपवले आहेत. घरात आजी आहे, वडिलांची आई. तिचे माहेर मानवतचे. आईचे म्हणणे असे होते की मूल आपणहून सहाशे पानांचे पुस्तक मागते आहे तर त्याला अडवू नये, शिवाय या भागावरचा चित्रपट त्याने टीव्हीवर पाहिलेलाच आहे. वडील स्वतः वाचनालयात आले आणि म्हणाले, “जादूटोण्याचं पुस्तक लेकराला कशाला देता, मॅडम? त्यापेक्षा शिवाजी महाराजांचं एखादं द्या.” आजीचा विरोध वेगळा होता. ती बहिणीबरोबर पुस्तक परत करायला आली होती. तिला नातीने स्मशानातल्या प्रसंगाची गोष्ट सांगितली होती. ती एवढेच म्हणाली, “बाई, आमच्या मानवतला खरंच झालंय तसलं. खरं कोणतं अन् लबाड कोणतं, लेकराला कसं कळावं?”

या तिघांपैकी कोणाचेही म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते, म्हणून निर्णय देण्याआधी मी पुस्तक पुन्हा वाचायला घेतले.

या मालिकेचा नायक पहिल्या भागात अकरा वर्षांचा आहे आणि सातव्यात सतरा वर्षांचा होतो. प्रत्येक भाग म्हणजे त्याच्या जादूच्या शाळेचे एक वर्ष. पहिला भाग 1997 साली आला, चौथा 2000 साली आणि सातवा 2007 साली. ज्या इंग्रज मुलाने दहाव्या वर्षी पहिला भाग हातात घेतला, तो चौथ्या भागाच्या वेळी तेरा वर्षांचा होता आणि शेवटच्या भागाच्या वेळी वीस वर्षांचा. लेखिका गोष्ट अधिकाधिक काळोखी करत गेली, तसा तिचा वाचकही मोठा होत गेला, कारण पुढचा भाग येईपर्यंत थांबण्यावाचून त्याला इलाज नव्हता. आमच्या वाचनालयात सातही भाग एकाच कपाटात आहेत. पहिल्यापासून चौथ्यापर्यंतचे ते अंतर आमचा वाचक एका हिवाळ्यात कापू शकतो. मूळ ब्रिटिश आवृत्तीत पहिल्या भागाची पाने 223 आहेत आणि चौथ्याची 636, आणि वाढ केवळ पानांची नाही. पहिल्या तीन भागांच्या अखेरीस नायक आणि त्याचे मित्र सुखरूप परततात. चौथ्यात एक शाळकरी मुलगा मारला जातो, आणि तो परत येत नाही. त्यामुळे तिसऱ्या आणि चौथ्या भागाच्या मध्ये थांबून विचार करणे योग्यच होते; आमच्या चिठ्ठीची जागा चुकीची नव्हती, फक्त ‘आठवी’ हा तिच्यावरचा निकष फार ढोबळ होता.

वाचण्याच्या क्षमतेबद्दल शंका नव्हती. तिसऱ्या भागातील आनंद शोषून घेणाऱ्या पहारेकऱ्यांविषयी मी विचारले तेव्हा त्याने ते कसे दिसतात यापेक्षा नायकाला ते आल्यावर काय ऐकू येते, हे आधी सांगितले. जो मुलगा राक्षसाच्या रूपापलीकडे जाऊन त्याचा परिणाम सांगतो, तो कथेत पुरेसा मुरलेला असतो.

रक्तपाताचा मुद्दाही मला निर्णायक वाटला नाही. त्याच आजीने त्याला नरसिंहाने उंबरठ्यावर हिरण्यकशिपूचे पोट फाडल्याची गोष्ट कितीदा तरी सांगितलेली आहे. चक्रव्यूहात एकट्या अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारल्याची आणि झोपेत असलेल्या द्रौपदीच्या मुलांना अश्वत्थाम्याने कापून काढल्याची गोष्टही त्याला माहीत आहे. वडील ज्या शिवचरित्राचा आग्रह धरत होते, त्यात अफजलखानाचा वध आहेच. जर्मनीत ग्रिम बंधूंनी 1812 साली आपला लोककथासंग्रह काढला, तेव्हा मुलांसाठी म्हणून पुढच्या आवृत्त्यांत बरेच काही सौम्य केले, दुष्ट आईच्या जागी सावत्र आई घातली, पण शेवटी दुष्टाला मिळणारी भयंकर शिक्षा मात्र तशीच ठेवली. लहान मुलांना मृत्यू ऐकवायचा नाही, असे कोणत्याही लोकपरंपरेने कधी ठरवलेले दिसत नाही. मृत्यूनंतर माणूस परत येत नाही, त्याचे शरीर काम करणे थांबवते आणि हे प्रत्येकाला गाठणार आहे, ही समज बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येते, असे या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा 1984 साली जो एकत्रित आढावा घेतला गेला त्यात दिसून आले. आमचा वाचक नऊ वर्षांचा होता, आणि मृत्यू म्हणजे काय हे त्याला नव्याने सांगावे लागणार नव्हते.

मग आजीच्या वाक्यात एवढे वजन का होते?

चौथ्या भागाच्या बत्तिसाव्या प्रकरणात नायक आणि त्याच्या शाळेतला दुसरा स्पर्धक एका दफनभूमीत जाऊन पडतात. त्या दुसऱ्या मुलाला तेथे एका आज्ञेसरशी ठार केले जाते. नायकाला थडग्याच्या दगडाला बांधतात. मोठ्या कढईखाली जाळ पेटवून तिच्यात आधी बापाचे हाड, मग सेवकाने स्वतःच्या हाताने तोडलेला आपलाच पंजा आणि शेवटी बांधलेल्या मुलाच्या दंडावर सुरी चालवून काढलेले रक्त टाकले जाते, आणि त्यातून खलनायकाला नवे शरीर मिळते. लंडनच्या मुलासाठी ही निव्वळ कल्पना आहे. त्याच्या आसपास असे कोणी करत नाही आणि करत असल्याची कुजबुजही त्याच्या कानावर येत नाही. मानवत सेलूपासून जवळ आहे. तेथे 1972 ते 1974 या काळात लहान मुली आणि स्त्रिया यांचे एकामागून एक खून झाले, गुप्तधनाच्या आणि अपत्यप्राप्तीच्या अघोरी समजुतींशी त्यांचा संबंध जोडला गेला, तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी आले आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आजी त्या वेळी त्या गावात वाढणारी मुलगी होती. दिवेलागणीनंतर नातवंडांना ती आजही एकटे बाहेर पाठवत नाही. आपल्याकडे पडक्या वाड्यांच्या आणि जुन्या बारवांच्या भोवती गुप्तधनाच्या गोष्टी अजून फिरतात, आणि मुले पळवणारी टोळी आल्याचे निरोप अधूनमधून मोबाईलवरून गावोगाव पोहोचतात. या मुलाने ते सारे ऐकलेले होते.

मुलांच्या भीतीचा अभ्यास करणाऱ्या जोॲन कँटर या अमेरिकी संशोधिकेने दाखवून दिले आहे की अगदी लहान मुले एखाद्याच्या भयंकर रूपाला घाबरतात, तर सात-आठ वर्षांनंतर हळूहळू जे खरोखर घडू शकते त्याची भीती वाढत जाते. म्हणजे वय वाढले की भीती कमी होते, हा आपला सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. राक्षसाचे भय ओसरण्याच्या वयातच शक्यतेचे भय सुरू होते. जे पुस्तक पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या नऊ वर्षांच्या मुलाला केवळ रोमांचक वाटेल, तेच पुस्तक ज्याच्या घरात तसल्या घटनेची आठवण जिवंत आहे अशा नऊ वर्षांच्या मुलाला वेगळ्या ठिकाणी जाऊन लागू शकते. पुस्तकात काळोख किती आहे, हे मोजून निर्णय होत नाही. त्यातला नेमका कोणता काळोख या मुलाच्या जगण्याला येऊन भिडतो, हे पाहावे लागते. हे माझे ठाम मत आहे आणि या प्रकरणाने ते अधिक पक्के झाले.

याच न्यायाने एका मुलीच्या बाबतीत मी तिसऱ्या भागापाशीच थांबले होते. मराठवाड्यात कर्जापायी शेतकऱ्याने स्वतःचा जीव दिल्याची घरे गावोगाव आहेत; त्यांतल्याच एका घरातली ती होती. तिसऱ्या भागात रक्त जवळजवळ नाही, पण जगण्यातली सगळी उमेद शोषून घेणारे ते पहारेकरी आहेत. चौथा भाग तिने नंतर निर्धास्त वाचला. तिसऱ्यासाठी मात्र मी आधी तिच्या आईशी बोलले, आणि पुस्तक देताना ते दोघींनी मिळून वाचावे असे सुचवले.

चित्रपट पाहिला आहे म्हणून पुस्तक चालेल, हा आईचा मुद्दा मला पटला नाही. 2005 सालच्या त्या चित्रपटाला ब्रिटनमध्ये बारा वर्षांखालील मुलांनी मोठ्यांसोबतच पाहावा असे प्रमाणपत्र मिळाले होते. आपल्याकडेही 2024 पासून चित्रपटांना सात, तेरा आणि सोळा वर्षांचे वेगवेगळे टप्पे लागू झाले आहेत. पुस्तकांना असे प्रमाणपत्र नसते आणि ते नसावे असेच मला वाटते, परंतु दोन माध्यमांचा अनुभव एक नव्हे. पडद्यावर दफनभूमी दिग्दर्शकाची असते आणि काही मिनिटांत संपते. वाचताना मूल स्वतःच्या पाहण्यातली जागा त्या प्रसंगाला देते आणि हवे तितका वेळ तेथे थांबते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर पुस्तक मिटताही येते, एखादे पान सोडताही येते, आणि ही सत्ता वाचकाच्या हातात असते.

निर्णय असा झाला. पुस्तक द्यायचे. बत्तीस ते चौतीस ही तीन प्रकरणे आईने आधी स्वतः वाचायची. मुलाने ती दिवसाउजेडी, ताई शेजारी असताना वाचायची. त्याला आधीच सांगायचे की पुढे एक मुलगा मरतो. ही गोष्ट वर्गातल्या मित्राकडून त्याला कळलेलीच होती, त्यामुळे उत्कंठा जाण्याचा प्रश्न नव्हता. आणि एकदा दफनभूमीच्या प्रसंगात शिरला की सदतिसाव्या प्रकरणापर्यंत, म्हणजे शेवटापर्यंत, पुस्तक मध्येच काढून घ्यायचे नाही. ही शेवटची अट माझी होती. मूल घाबरलेले दिसले की मोठी माणसे पुस्तक हिसकावून घेतात, आणि मग त्या मुलाकडे फक्त भीतीचा भाग राहतो. या पुस्तकात मृत्यूनंतरची प्रकरणे सांत्वनाची आहेत: नायकाला मित्राची आई जवळ घेते, मृत मुलाच्या आईवडिलांची भेट होते, आणि वर्षअखेरीच्या मेजवानीत मुख्याध्यापक साऱ्या शाळेला त्या मुलाचा मृत्यू नेमका कसा झाला ते सांगतात. सरकारी खात्याला हे सांगितलेले नको आहे आणि काही पालकांनाही आवडणार नाही, हे ठाऊक असूनही ते सांगतात. मुलांना काय सांगावे आणि कधी सांगावे, हाच प्रश्न त्या पानांवर आहे. वडिलांना मी ती पाने दाखवली. त्यांनी उभ्यानेच वाचली, मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचली. त्यांचा आक्षेप मागे गेला नाही, पण “त्याची आई आधी वाचणार असेल तर द्या” एवढे ते म्हणाले.

आम्ही सगळे लक्ष ठेवून होतो ते बत्तिसाव्या प्रकरणावर. मुलगा अडला तो चौदाव्यावर.

त्या प्रकरणात नवीन आलेले शिक्षक वर्गात तीन निषिद्ध शाप कोळ्यांवर करून दाखवतात. सहाव्या वर्षाआधी हे दाखवू नये असा नियम असल्याचे ते स्वतःच सांगतात आणि तरीही चौथ्या वर्षाच्या मुलांसमोर करतात. वेदनेच्या शापाने कोळी तडफडू लागतो तेव्हा नेव्हिल नावाचा मुलगा बाकाची कड घट्ट धरून बसतो, त्याच्या बोटांची पेरे पांढरी पडतात, आणि वर्गातली एक मुलगी ओरडून शिक्षकांना थांबवते. वर्गातल्या इतरांसाठी तो एक थरारक तास असतो. नेव्हिलच्या आईवडिलांना याच शापाने वेड लागेपर्यंत छळलेले आहे, हे वाचकाला बरेच पुढे कळते. एकच धडा, एकाच वयाची मुले, आणि एकाच मुलावर झालेला निराळा परिणाम: या प्रकरण अभ्यासातला माझा सगळा युक्तिवाद लेखिकेने त्या एका तासात मांडून ठेवला आहे.

आमच्या वाचकाने पुस्तक तेथे मिटले आणि तसेच माझ्या टेबलावर आणून ठेवले. भीती वाटली का, असे मी विचारले नाही. कुठपर्यंत आलास, एवढेच विचारले. तो म्हणाला, “सर सगळ्यांसमोर कशाला करतेत तसं? त्या पोराला दिसूलालंय की, त्याला नको वाटूलालंय.” कोळ्याबद्दल त्याने काही म्हटले नाही. थोड्या वेळाने त्याने आपणहून सांगितले की तो ज्या शिकवणीला जातो तेथे पाढे न आलेल्या एका मुलाला सर रोज सर्वांसमोर उभे करतात, हातावर पट्टी मारतात आणि बाकीच्यांना मोजायला लावतात. मोजणाऱ्यांत तो होता. घरी त्याने हे कधी बोलून दाखवले नव्हते, कारण मार त्याला स्वतःला बसत नव्हता.

मी हे त्याच दिवशी त्याच्या आईला सांगितले. आई स्वतः शिक्षिका असल्याने शाळांत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे, हे तिला सांगावे लागले नाही. वडील त्या सरांना जाऊन भेटले. पट्टी बंद झाली की नाही याची खात्री त्यांना पटली नाही, आणि त्या महिन्याअखेरीस त्यांनी मुलाची शिकवणी बदलली. मार खाणाऱ्या मुलाच्या घरीही त्यांनी निरोप दिला. जादूटोण्याच्या पुस्तकाला विरोध करणाऱ्या माणसाने हे सगळे मुलाच्या एका वाक्यावरून केले, याचे मला फार मोल वाटते.

त्यानंतर मुलाने पुस्तक पुन्हा नेले. दफनभूमीची प्रकरणे ठरल्याप्रमाणे ताईसोबत, एका रविवारी दुपारी गच्चीवरच्या खोलीत वाचली गेली. त्या रात्री आणि पुढच्याही काही रात्री तो आजीच्या अंथरुणात झोपला. “असलं कुणी खरंच करतं का?” हा प्रश्न आलाच, आणि तो आजीला आला. आजीने आईकडे पाहिले. आईने खोटे सांगितले नाही. काही माणसांनी पूर्वी अशा समजुतीपायी माणसे मारली आहेत, त्यातून कोणालाही धन मिळालेले नाही, तो गुन्हा आहे आणि 2013 पासून महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे, असे तिने त्याला समजेल अशा शब्दांत सांगितले. आजीने त्यात भर घातली ती तिच्या लहानपणीची: घरातली माणसे रात्री आळीपाळीने जागत, आणि लेकरांना मध्ये झोपवत. खुनांचे वर्णन तिने केले नाही. मानवतची गोष्ट या घरात पहिल्यांदाच पूर्ण वाक्यांत बोलली गेली, असे आईने मला नंतर सांगितले. तोवर ती फक्त ‘तसलं’ या एका शब्दाने घरात वावरत होती, आणि मुले उरलेले स्वतःच्या कल्पनेने भरत होती.

पुस्तक शेवटपर्यंत वाचून झाले. शेवटच्या प्रकरणांपैकी मेलेल्या मुलाचे आईवडील भेटायला येतात तो भाग त्याने ताईला दोनदा वाचून दाखवायला लावला. झोप काही दिवसांत पूर्ववत झाली. आजीचे अंथरूण त्याने त्यानंतरही लगेच सोडले नाही, पण ते भीतीमुळे होते असे घरात कोणालाच वाटत नाही.

पाचव्या भागाची मागणी अपेक्षेप्रमाणे आली. तो भाग मी सध्या दिलेला नाही, आणि याचे कारण वय नाही. त्या भागात एक शिक्षिका नायकाला शिक्षा म्हणून एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावते, आणि ते वाक्य त्याच्याच हाताच्या कातडीवर कोरले जाऊन रक्ताने उमटते. नायक हे महिनोन्महिने मोठ्यांपासून लपवून ठेवतो. पट्टीचे वार मोजायला लावलेल्या आणि ते घरी न सांगितलेल्या मुलाला ही पाने कशी लागतील, याचा अंदाज मला आणि त्याच्या आईला दोघींनाही येतो. त्याला तसे स्पष्ट सांगितले आहे: पुस्तक तुझ्यासाठी कठीण नाही, पण त्यात शिकवणीच्या सरांसारखी एक बाई आहे, आणि नवीन शिकवणीत तू थोडा रुळलास की मग घे. त्याने विचारले, ती बाई शेवटी पकडली जाते का. तिला तिचे पद सोडावे लागते, असे मी सांगितले. जूनमध्ये पाचवीचे वर्ग सुरू झाले की न्यायचे, असे ठरले आहे. तोवर ते त्याच्या नावाने राखून ठेवले आहे.

वरच्या कप्प्यातली ‘आठवीच्या पुढे’ ही चिठ्ठी आम्ही काढली. त्याऐवजी अशा प्रत्येक पुस्तकाच्या देवघेव कार्डामागे दोन-तीन ओळींची नोंद करतो: कोणत्या प्रकरणात काय आहे आणि कोणत्या मुलाच्या बाबतीत घरी आधी विचारावे. चौथ्या भागाच्या कार्डामागे बत्तिसाव्या प्रकरणाच्या वर चौदाव्याची नोंद आहे. या नोंदी मोठ्या वाचक मुली लिहितात. पहिल्या काही त्या मुलाच्या ताईच्या अक्षरात आहेत.